अमदावाद: पोळमध्ये अडकलो, त्याची गोष्ट

आधी रिक्षाचं सांगतो, कारण ते शंभर रुपये अजून टोचताहेत. कालुपूर स्टेशनबाहेर ‘स्वामिनारायण मंदिर’ म्हणालो. त्याने दीडशे सांगितले, मी शंभरवर आणले आणि स्वतःची पाठ थोपटली. मंदिर जेमतेम किलोमीटरभर! त्यातही रिक्षा बाजाराच्या गर्दीत अडकली आणि शेवटचा टप्पा चालतच गेलो. पाठीवर सॅक असली तरी चालत जा. अगदीच नको वाटलं तर मीटरने, आणि मीटरला नाही म्हणाला तर दुसरी रिक्षा बघा.

मंदिरापाशी मित्र भेटला. जन्म खाडियातल्या पोळमधला, पण दहाव्या वर्षापासून राहायला नदीपार. ‘आमचं जुनं घर पाच मिनिटांवर,’ म्हणाला. पन्नास मिनिटं लागली. आपल्याकडे पोळ म्हणजे मोकाट सोडलेला वळू, तिकडे पोळ म्हणजे एका दरवाजाआडची वस्ती. तिसऱ्यांदा बंद गल्लीत शिरलो तेव्हा समोर वळूही उभा होता. दोन हात पसरले तर दोन्ही घरांना लागतील एवढी वाट, मागे वळायलाही जागा नाही, आणि मोबाईलचा नकाशा आम्हाला कुणाच्या तरी गच्चीवर दाखवत होता. शेवटी ओट्यावर शेंगा सोलत बसलेल्या आजींनी विचारलं, ‘कोना घेर जवुं छे?’ मित्राने आजोबांचं नाव सांगितलं. हातातली शेंग न ठेवता त्यांनी मानेनेच दिशा दाखवली. तुम्हीही मित्राकडून घराचा नंबर घेऊ नका, आजोबांचं नाव घ्या.

घरात आता कुणाच्या तरी मालाची खोकी. चौकातलं एक खोकं सरकवलं तर खाली टांक्याचं पितळी झाकण. गच्चीवरचं पावसाचं पाणी नळीने इथे जमिनीखाली उतरायचं आणि वर्षभर पिण्याला पुरायचं. झाकण उघडलं तेव्हा गार, ओला वास आला. एवढ्यासाठी पन्नास मिनिटं माफ. फक्त मित्राची पोळ मित्राबरोबर बघा. बाकीच्या पोळांसाठी महापालिकेचा हेरिटेज वॉक सकाळी आठला याच मंदिरापासून निघतो, तो धरा.

1424 ची जामा मशीद छान आहे. दुपारी जाणार असाल तर मोजे ठेवा, अंगणातली फरशी भाजते. शुक्रवारची दुपार टाळा.

माणेक चौकात सहाला पोचलो, पोटात कावळे. खाण्याचं नाव नाही, सगळी सोन्या-चांदीची दुकानं. ती बंद झाल्यावर, म्हणजे रात्री नऊच्या सुमारास, खाऊगाड्या लागतात. हे मित्राला माहीत होतं. ‘तू विचारलं नाहीस,’ म्हणे.

रायखडची गायकवाड हवेली राहिली. 1758 ते 1817 शहरात पेशवे-गायकवाडांचा अंमल होता, म्हणून मला तीच आधी बघायची होती. पण तोवर पाय बोलायला लागले होते. तुम्ही ती सकाळीच उरका, आणि मित्र ‘पाच मिनिटं’ म्हणाला तर आधी पाणी भरून घ्या.