डब्लिनचा एम-५०: टोल आहे, नाका नाही

नागपूरहून आयर्लंडला मुलांकडे येणाऱ्या आणि तिथे भाड्याची गाडी घेऊन फिरू पाहणाऱ्या आमच्या धरमपेठेतल्या काका-मावशींना मी व्हिसा आणि स्वेटर यांच्याही आधी एक गोष्ट सांगतो: डब्लिनला वळसा घालणाऱ्या एम-५० महामार्गावर टोल आहे, पण टोलनाका नाही. बोरखेडीच्या नाक्यावर दांडी आडवी येते, फास्टॅग वाचला जातो आणि मगच गाडी पुढे सरकते. त्यामुळे टोल भरायचा विसरण्याचा प्रश्नच येत नाही. एम-५० वर २००८ च्या ऑगस्टपासून फक्त कॅमेरे आहेत. ते नंबर प्लेट टिपतात, आणि गाडी टोलच्या खात्यात नोंदवलेली नसेल तर दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत पैसे भरणे ही सर्वस्वी आपली जबाबदारी असते. ती वेळ चुकली की दंड लागतो आणि पुढे तो टप्प्याटप्प्याने वाढतच जातो.

समृद्धीवर जितके अंतर तितका टोल असतो. एम-५० वर मात्र सहाव्या आणि सातव्या जंक्शनच्या मधल्या एकाच जागी तो लागतो, जाताना आणि येतानाही. म्हणूनच विमानतळावरून ब्लँचर्ड्सटाउनला जाणाऱ्याला काहीच भरावे लागत नाही, पण पुढच्याच लुकनला जाणाऱ्याला भरावे लागते. पैसे ऑनलाइन भरता येतात. पेझोन या बिलभरणा सेवेची पाटी असलेल्या किराणा दुकानात गाडीचा नंबर सांगून रोखही देता येतात, आणि ज्येष्ठांसाठी मला हाच मार्ग अधिक सोयीचा वाटतो. भाड्याची गाडी असेल, तर टोल कंपनी भरणार की आपण, हे किल्ली घेतानाच विचारून घ्यावे.

तिथेच स्थायिक होणाऱ्यांनी टॅग घ्यावा. आरशामागे काचेला चिकटवायची ती छोटीशी डबी असते. तिच्यामुळे टोल सर्वांत कमी पडतो आणि दांडी असलेल्या इतर महामार्गांवरही तीच चालते. रांगा नाहीशा करणारी ही पद्धत मला मनापासून आवडते, तरी नवख्या माणसावर ती फार भार टाकते असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दंडाचे पत्र गाडीच्या नोंदणीतल्या पत्त्यावर जाते आणि घर बदललेल्या माणसाला ते मिळतच नाही. म्हणून घर बदलताच गाडीच्या कागदपत्रांवरचा पत्ता बदलावा, आणि गाडी विकल्यावर तिचा नंबर टोलच्या खात्यातून त्याच दिवशी काढून टाकावा. नाहीतर नव्या मालकाचा टोल आपल्याच खात्यातून कापला जातो.