कॉटन ग्रीन ते बॅलार्ड पिअर: पोर्ट ट्रस्ट रेल्वेच्या मागावर

१ जानेवारी १९१५ला सुरू झालेली मुंबई पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे वडाळ्यापासून थेट बॅलार्ड पिअर या धक्क्यापर्यंत जायची. वऱ्हाड-खानदेशातला कापूस आणि धान्य या मार्गाने गोदीत पोचायचं, बोटीतून उतरलेला माल उलट दिशेने देशभर जायचा. हार्बर लाइनच्या खिडकीतून पूर्वेला दिसणाऱ्या गोदामांच्या रांगांचं कोडं त्यामुळे उलगडतं, म्हणून मी कॉटन ग्रीनला उतरलो.

स्टेशनच्या पूर्वेला कॉटन एक्स्चेंजची इमारत आहे. तिच्या पुढे खरा इतिहास सुरू होतो. रूळ शोधत बसू नका, आधी गोदामांचे दरवाजे बघा. जे दार रस्त्यापासून कमरेएवढं उंच, त्याच्यासमोर वॅगन लागत असे. एका वळणावर डांबरात गाडलेला रूळ सापडला: वरची कड ट्रकच्या चाकांनी चकचकीत, बाजूच्या खाचेत मातीचा थर आणि त्यात उगवलेलं गवत. पुढच्या भिंतीपाशी तो संपतो. मी बराच वेळ तिथेच उभा होतो.

तिथून रे रोड, दारूखाना. भंगार, लोखंड, अवजड ट्रक, फुटपाथ नावालाच. जाड तळव्याचे बूट घाला, पाणी बरोबर घ्या आणि पावसाळ्यात हा टप्पा टाळा.

रे रोडहून लोकलने सीएसएमटी गाठा आणि बॅलार्ड इस्टेटमध्ये चाला. इथे बॅलार्ड पिअर मोल हे स्टेशन होतं. विलायतेहून आलेले उतारू बोटीतून उतरून तिथेच पेशावरला जाणाऱ्या फ्रंटियर मेलमध्ये बसत. १९४४मध्ये ते बंद झालं. माल वाहतूक पुढेही टिकली, पण कंटेनर आले, १९८९मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं आणि शहरातल्या गोदीचा भार ओसरत गेला. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या गोद्या तर भरावाखाली गेल्या. निदान स्टेशनच्या जागी एक पाटी तरी लागायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

गोदीच्या फाटकातून पासाशिवाय आत सोडत नाहीत. पहारेकऱ्याशी वाद घालू नका आणि फाटकाकडे कॅमेरा रोखू नका. रविवार सोडून जा: हार्बरला बहुतेक वेळा मेगाब्लॉक असतो आणि बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया हे इराणी रेस्टॉरंटही बंद असतं. इतर दिवशीही तिथे फक्त दुपारचं जेवण मिळतं, तेव्हा सकाळी लवकर निघा.

हातात वेळ असेल तर भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयातलं स्मारक बघा. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' या दारूगोळा आणि कापूस भरलेल्या बोटीचा स्फोट झाला, त्यात आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी त्या तारखेपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात, तेव्हा एप्रिलमध्ये गेलात तर १४ तारीख गाठा.