खाली नाव का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी ही गोष्ट सांगण्यात माझी फारशी शोभा नाही.

आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी, वॉचमनच्या खोलीला टेकवलेला एक फळा आहे. गेली अकरा वर्षं त्यावर रोज सकाळी मी एक सुविचार लिहितो, वर मराठीत, खाली गुजरातीत. बडोद्यात याचं कुणाला नवल नाही. इथे देवळाबाहेर फळा, बँकेत फळा, दवाखान्यात फळा, स्मशानातही फळा. आमच्या फळ्यात वेगळं इतकंच की वाक्याखाली बहुतेक दिवस नाव नसतं. मराठी शेजारी "काका, हे कुणाचं?" म्हणतात, गुजराती शेजारी "काका, नीचे नाम केम नथी लखता?" म्हणतात. तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंनी तर एकदा स्पष्टच सांगितलं, "नाव नसलं ना काका, की पुढे पाठवायला कसंतरीच वाटतं."

याचं उत्तर रावपुऱ्यातल्या एका छापखान्यात आहे. छापखाना आता नाही, त्या जागी मोबाइलचं दुकान आहे.

१९७९ साली मी तिथे जुळारी, म्हणजे छपाईचे खिळे जुळवणारा, म्हणून लागलो. खिळ्यांचे दिवस होते. लाकडी केस, तिच्यात घरं, घरांत शिशाची अक्षरं, डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक. लग्नपत्रिका, बेसणाची म्हणजे शोकसभेची कार्डं, दुकानांची बिलबुकं, आणि भाद्रपद जवळ आला की गणेशमंडळांच्या स्मरणिका. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी, सगळीकडची मराठी मंडळं स्मरणिकेच्या बाबतीत भारी हौशी. जाहिराती पाव पान, अर्धं पान अशा यायच्या, आणि फर्मा, म्हणजे छपाईसाठी जुळवलेली पानं, बांधायला घेतला की कुठे ना कुठे दोन बोटं जागा कोरी राहायचीच. कोरी जागा आमच्या शेठना बघवत नसे. "खाली खाली लागे छे, कंईक मूक ने," म्हणायचे. काहीतरी टाक, असं. ते कंईक म्हणजे सुविचार.

त्यासाठी मी एक वही केली होती. दिनदर्शिकेचे मागचे कागद, जुन्या स्मरणिका, ट्रकचे पार्श्वभाग, जिथून मिळेल तिथून वाक्यं उतरवलेली. बऱ्याच वाक्यांना नाव नव्हतंच. आणि बिननावाचं वाक्य मंडळाचे चिटणीस प्रूफातच कापायचे. "हे कोण म्हणालं? कुणीच नाही? मग कशाला छापायचं?" म्हणून मी नाव द्यायला लागलो. कुणाचं द्यायचं हे कशावर ठरायचं? जागेवर. वाक्याची शेवटची ओळ अर्ध्यात संपली असेल तर उरलेल्या अर्ध्यात 'स्वामी विवेकानंद' बसतं. पाव ओळ उरली असेल तर 'चाणक्य'. अगदीच चिंचोळी जागा असेल तर 'कबीर'. नावासाठी नवी ओळ घेतली तर खालची जाहिरात सरकते, आणि जाहिरातदाराने पैसे मोजलेले असतात, कबीराने मोजलेले नसतात. बावीस-तेवीस वर्षांचा होतो मी. यात काही पाप आहे असं तेव्हा मनातसुद्धा आलं नाही. शेठनाही नाही, चिटणिसांनाही नाही.

कधी कधी वहीतलं काहीच मापात बसायचं नाही. मग मीच रचायचो.

१९८३च्या एका स्मरणिकेत असं झालं. दीडच ओळ हवी होती. मी मनात जुळवलं, "दुसऱ्याच्या दिव्यावर वात लावून घ्यावी, तेल मात्र आपलं असावं." आता 'दुसऱ्याच्या'मधला ऱ्य हा खास मराठी खिळा. हिंदीला तो लागत नाही, संस्कृतला लागत नाही, म्हणून आमच्याकडे मोजकेच होते आणि नवे हवे असले तर मुंबईहून मागवावे लागायचे. घरात हात घातला तर घर रिकामं. सगळे ऱ्य आभाराच्या पानावर अडकले होते: देणगी देणाऱ्या, वर्गणी गोळा करणाऱ्या, मांडव घालणाऱ्या, अहोरात्र झटणाऱ्या सर्वांचे. मी 'दुसऱ्याच्या'च्या जागी 'शेजारच्या' घातलं. ओळ अर्ध्यात संपली. अर्ध्या ओळीत काय बसतं ते वर सांगितलंच आहे.

पुढची तीस वर्षं मी ते वाक्य विसरलो. मग एका शाळेच्या बक्षीस समारंभाला गेलो होतो, नातीला धावण्यात दुसरा नंबर मिळाला होता. प्रमुख पाहुणे उभे राहिले आणि म्हणाले, स्वामी विवेकानंद म्हणतात, शेजारच्या दिव्यावर वात लावून घ्यावी. मी ताठ बसलो. पाहुणे थांबेचनात. स्वामीजींनी 'शेजारच्या' हाच शब्द का योजला असेल बरं, असं त्यांनी मुलांना विचारलं. मुलं गप्प. मग त्यांनीच उलगडून सांगितलं की शेजारी म्हणजे आपल्या सर्वांत जवळ असूनही आपल्याला न दिसणारा परमेश्वर, वेदान्ताचं सार या एका शब्दात आलं आहे. पाच-सात मिनिटं ते त्या शब्दावर बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात खाली ठेवून बसलो असतो तर शेजारच्या बाईंनी बघितलं असतं.

खिळा संपला होता हो. वेदान्त कसला.

तेव्हापासून नावांची भीती बसली. वर्षभराने सोसायटीचा फळा माझ्याकडे आला तो ही भीती घेऊनच. मग एकेक नाव तपासायला लागलो. मांडवीला सेंट्रल लायब्ररी आहे, १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणून उभी केलेली. तिथे जाऊन बसायचो. तपासायला घेतलं की बरीच नावं गळतात. आपल्याकडे दुकानादुकानांत, बँकाबँकांत पाटी असते ना, ग्राहक हा आपल्या आवारातला सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, खाली महात्मा गांधी? काही पाट्यांवर पुढे असंही असतं की हे १८९० साली दक्षिण आफ्रिकेतल्या भाषणात म्हटलेलं. १८९०मध्ये गांधीजी लंडनला बॅरिस्टरीचा अभ्यास करत होते. आफ्रिकेत ते उतरले १८९३च्या मे महिन्यात. त्यांच्या लेखनाचे आणि भाषणांचे शंभर खंड निघाले आहेत, त्यांत हे वाक्य नाही. अमेरिकेतल्या व्यापारी लिखाणात मात्र १९४०च्या दशकात ते आढळतं. मी हे आमच्या कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "काका, तो पाटी काढी नाखुं? घराक तो भगवान ज छे ने." पाटी अजून आहे. फरसाणही उत्तम असतं.

जगात जो बदल हवा तो स्वतःत घडवा, हेही गांधीजींच्या नावावर चालतं. या शब्दांत ते त्यांच्या लेखनात मिळत नाही. १९१३ साली 'इंडियन ओपिनियन'मध्ये त्यांनी लिहिलं होतं ते साधारण असं, की आपण स्वतःला बदलू शकलो तर जगाचा कलही बदलेल. आशय जवळचा आहे, मान्य. पण मूळ वाक्यात एक 'तर' आहे. टी-शर्टावर 'तर' मावत नाही.

आणि रामायणाचं तर बडोदेकराने विसरूच नये. आमच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली, १९६० ते १९७५, सातही कांडं. देशभरच्या वेगवेगळ्या लिप्यांतल्या पोथ्या आणायच्या, ओळीला ओळ लावायची, जे मागाहून शिरलेलं दिसेल ते काढून तळटीपेत नाही तर परिशिष्टात टाकायचं. हे काम पुरं झालं त्यानंतर पाचसहा वर्षांनी तिथले एक शास्त्रीबुवा मुलीची लग्नपत्रिका घेऊन आमच्याकडे आले होते. टेबलावर एका स्मरणिकेचं मुखपृष्ठ वाळत पडलं होतं, त्यावर मोठ्या टायपात 'जननी जन्मभूमिश्च स्वर्गादपि गरीयसी', खाली 'वाल्मीकि रामायण'. बुवांनी चष्मा वर केला, वाचलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "हा श्लोक आमच्या घरी राहात नाही हो." काही छापील प्रतींत तो आहे, पण त्यांच्या संहितेत नाही. नेपाळचं ब्रीदवाक्य आहे ते, आपल्याकडे शाळांच्या कमानींवर आहे, कितीतरी जणांनी त्या ओळीवर जीव ओवाळला असेल. बुवांना तेही ठाऊक होतं. मुखपृष्ठ बदला असं ते म्हणाले नाहीत. पत्रिकेची प्रूफं घेतली आणि गेले. नंतर कितीदा वाटलं, याच शहरात ती माणसं वर्षानुवर्षं एकेक ओळ उपटून काढत बसली होती, आणि मी रावपुऱ्यात स्टिक धरून भर घालत होतो.

तुम्ही म्हणाल, नाव खोटं निघालं म्हणून वाक्य खोटं होतं का? हेच मला माझ्या बहिणीने ऐकवलं. ती मराठी शाळेत शिक्षिका. तिच्या वर्गात लिंकनने हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र फ्रेम करून लावलेलं होतं, वसंत बापटांच्या मराठीतलं. तुमच्याही शाळेत असेल. मी तिला सांगितलं की लिंकनने असं पत्र लिहिल्याचा काही पुरावा नाही, त्याच्या पत्रांच्या संग्रहात ते नाही. ती चिडली. म्हणाली, "ते वाचून मी मुलांना मारायचं सोडलं, दादा. लिंकनसाठी नाही सोडलं." मग थोड्या वेळाने, "एक पट्टी छापून दे कोरी." मी दिली. तिने ती फ्रेमच्या काचेवर, बरोबर लिंकनच्या नावावर चिकटवली. बापटांचं नाव राहू दिलं. पुढच्या महिन्यात तपासणीला साहेब येणार म्हणून कुणीतरी पट्टी खरवडून काढली, काचेवर डिंकाचा डाग राहिला.

आपले संत शहाणे, नाव अभंगाच्या आतच विणून टाकायचे. तुका म्हणे, नामा म्हणे. तरी सुटका नव्हतीच. दुसऱ्यांची वचनं आपली म्हणून खपवणाऱ्या सालोमालोवर तुकोबांनी अभंग केलाय, की हे लोक संतांची वचनं मोडून त्यांचे आपल्याला दागिने घडवतात. तेव्हा चोरी म्हणजे दुसऱ्याचं सोनं आपल्या नावाने मिरवायचं. आता लोक आपलं तांबं आणतात आणि त्यावर तुकोबांचा छाप मारून फुकट वाटतात. या चोराच्या पदरात काही पडतही नाही, मग तो हे का करतो, हे मला कधी नीट कळलेलं नाही. मी करायचो तेव्हा निदान पगार तरी मिळायचा.

आता फळ्याचा नियम असा. पुस्तकाचं पान मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं असेल तर नाव लिहितो. वर्षाकाठी चाळीसेक दिवस होतात तसे. बाकी दिवस खाली कोरं. शेठ बघायला नाहीत म्हणून बरं.

आणि एक गंमत सांगतो, फाटकाशेजारच्या बाकावर बसून रोज बघितलेली. नाव असलं की माणसाची नजर आधी तळाला जाते, मग वर येते. नाव बघितलं की मान डोलते, वाक्य वाचलं न वाचलं सारखंच. अकरा वर्षांत नाव असलेल्या वाक्याशी कुणी भांडलेलं मला आठवत नाही. बिननावाच्या वाक्याशी भांडतात. मागच्या उन्हाळ्यात मी लिहिलं होतं, "रागावर औषध म्हणजे वेळ." दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ दुधाची पिशवी घेऊन फळ्यासमोर उभेच राहिले. मग बाकाकडे आले. "काका, हे काही पटलं नाही. माझा राग वेळ जाईल तसा वाढतो. भावाशी सहा वर्षं बोललो नाही, दर वर्षी थोडा जास्तच." आम्ही तासभर बसलो. त्यांचं दूध नासलं. त्या दिवशी खाली गौतम बुद्ध असते तर ते गृहस्थ मान डोलावून लिफ्टकडे गेले असते.

गेल्या आठवड्यात सूनबाईंनी मोबाइलवर एक चित्र पाठवलं. उगवता सूर्य, कमळ, फेटेवाले स्वामीजी, आणि शेजारचा दिवा. "काका, उद्या फळ्यावर हे घ्या ना, किती छान आहे!" मी घेतलं. फक्त या वेळी 'दुसऱ्याच्या' लिहिलं. खडूने लिहायचं म्हटलं की ऱ्य हवे तितके असतात. खाली नाव लिहिलं नाही.

संध्याकाळी फिरून आलो तर कुणीतरी वॉचमनच्या डब्यातला खडू घेऊन 'दुसऱ्याच्या'वर काट मारली होती आणि वर 'शेजारच्या' लिहिलं होतं. खाली, उजवीकडे, उरलेल्या अर्ध्या ओळीत, स्वामी विवेकानंद. बरोबर मावलं होतं. अक्षरही माझ्यापेक्षा चांगलं होतं.