गेर, राजवाडा आणि 'स्टोरेज फुल'

रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यासमोर उभी होते. गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, आली, टँकरवरून रंगाचा फवारा तीन मजले वर उडाला, मी फोन उचलला आणि पडद्यावर काय, तर जागा शिल्लक नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीतला फोन, बोटं गुलाबी. आता काय पुसणार, कपाळ!

घरी बाबा म्हणाले, "अगं, फोटो आपोआप वर गूगलकडे जातात ना? मग फोनमधले उडव की." बोलणारे कोण, तर ज्यांनी मागच्या वर्षी गूगल फोटोजमधून आत्याच्या साठीचे फोटो असेच उडवले होते. बॅकअप चालू असताना त्या ॲपमधून फोटो काढला की तो वरूनही जातो. नशीब, बॅकअप झालेले फोटो ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतात. आम्हाला पत्ता लागला तेव्हा पाच दिवस उरले होते.

नुसता फोन रिकामा करायचा तर त्याच ॲपमधलं 'फ्री अप स्पेस' दाबायचं. वर पोचलेलेच फोटो फोनमधून निघतात. वरही फुकट जागा 15 जीबीच, तीही जीमेल आणि ड्राइव्हसकट. 1 जून 2021 पासून आकार कमी केलेले नवे फोटोसुद्धा त्यात मोजतात.

व्हॉट्सॲपच्या फोल्डरचा बॅकअप वेगळा चालू करावा लागतो. माझा बंद आहे, बंदच राहील. मावश्यांची सुप्रभातं कशाला जपायची? पण माझ्या फोनचे 9 जीबी तिथेच अडकले होते.

रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस हातात येईपर्यंत 640 सुप्रभातं पुसून झाली होती.