माऊस कोणाच्या हातात?

मागच्या महिन्यात संगणकाच्या तासाला एका विद्यार्थिनीने पाच पानांचा अहवाल टाइप करून सेव्ह केला आणि दुसऱ्या दिवशी "सर, फाइल गेली" म्हणत ती रडवेली झाली. फाइल होती तिथेच होती. प्रोग्राम उघडताच दिसणाऱ्या अलीकडच्या फाइलींच्या यादीत तेवढी ती दिसत नव्हती. फाइल कुठल्यातरी फोल्डरमध्ये ठेवलेली असते, ही कल्पनाच तिला नव्हती, आणि यात मी तिला दोष देणार नाही, कारण मोबाइलवर फोटो गॅलरीत सापडतात, गाणी गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये सापडतात, फोल्डर उघडण्याची वेळ सहसा येतच नाही.

शिक्षणविषयक अमेरिकी लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये डिजिटल साधनांसोबत वाढलेल्या पिढीला 'डिजिटल नेटिव्ह', म्हणजे डिजिटल जगातच जन्मलेले, म्हटले, आणि तेव्हापासून मुलांना हे सारे उपजतच येते असा समज पसरला. आठवीच्या विद्यार्थ्यांची संगणक साक्षरता पडताळणाऱ्या 'आयसीआयएलएस' या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २०१८ च्या फेरीत मात्र सर्वोच्च स्तर गाठणारे सरासरी जेमतेम २ टक्के होते, तर १८ टक्के विद्यार्थ्यांना पहिला स्तरही गाठता आला नाही.

याच चाचणीत घरची परिस्थिती ठळकपणे पुढे येते: पालकांचे शिक्षण, व्यवसाय, घरातली पुस्तके. पुस्तकांचा उल्लेख वाचून पहिल्यांदा मला नवल वाटले होते. पण शोधून सापडलेल्या दहा दुव्यांपैकी कोणता विश्वासार्ह हे ठरवणे म्हणजे शेवटी वाचनच, आणि ज्याला परिच्छेदाचा रोख कळत नाही त्याला कळफलक कितीही वेगाने चालवता आला तरी फारसा उपयोग नाही.

मुलींच्या बाबतीत एक विसंगती आहे. २०१३ आणि २०१८ या दोन्ही फेऱ्यांत मुलींचे सरासरी गुण मुलांपेक्षा जास्त होते, तरी प्रोग्रामिंगसारख्या अवघड कामांबद्दल आत्मविश्वास मुलांनीच अधिक दाखवला. शिक्षकाला स्वतःला यंत्राची भीती वाटत असेल तर तो तास पुस्तकातल्या व्याख्यांवरच संपवतो, हेही खरे. मीही सुरुवातीची दोन वर्षे तेच केले.

प्रयोगशाळेत किती संगणक आहेत याची मोजदाद सगळेच करतात, पण एका संगणकाभोवती चौघे बसले की माऊस कोणाकडे जातो हे कोणी पाहत नाही. तो ज्याला आधीच येते त्याच्याकडे जातो. उरलेले तिघे मान डोलावतात आणि आपल्यालाही आले असे समजतात. सध्या मी एक नियम केला आहे: ज्याला येते त्याने हाताची घडी घालून फक्त तोंडी सांगायचे. पहिल्या आठवड्यात वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाला 'वर उजवीकडचे ते' यापलीकडे काही सांगता येईना. फाइल हरवलेली मुलगी त्याच्याच शेजारी माऊस धरून बसली होती, आणि 'ते म्हणजे नक्की कोणते?' असे ती त्याला पुन्हा पुन्हा विचारत होती.