गिरणीत बघितलेला निसार

३० जुलै २०२५, बुधवार. रात्रीचे साडेदहा.

आज संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी मी चालू गिरणी थांबवली. दळणाचे चार डबे रांगेत होते, तरी थांबवली. ओंकारनं फोन ज्वारीच्या पोत्याला टेकवून उभा केला आणि श्रीहरिकोट्याहून नासा आणि इस्रोचा 'निसार' उपग्रह वर जाताना आम्ही सात जणांनी पिठाच्या धुरळ्यात उभं राहून बघितलं. मंगलअक्कांनी हात जोडले. साधारण एकोणीस मिनिटांनी उपग्रह रॉकेटपासून सुटा झाला, तिकडं टाळ्या वाजल्या, मग आमच्याकडंही वाजल्या. तोवर एकानंही "वहिनी, माझं दळण" म्हणून तोंड उघडलं नाही. सांगलीच्या आमच्या गावभागात हे सहसा घडत नाही.

नंतर मात्र सगळ्यांची तोंडं सुटली. ओंकारनं सांगितलं की हा उपग्रह दर बारा दिवसांनी फिरून त्याच जागेवर येणार. त्यावर बापू म्हणाले, "बारा दिवसांनी? त्यापेक्षा माझा जावई बरा, आठवड्याला येतो." काकूंनी विचारलं, "आणि ह्याला जेवायला घालावं लागत नाही ना?" हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

या महिन्यात गिरणीत विज्ञानाचंच दळण जास्त पडलं. सुरुवातीला तो दरवर्षीचा मेसेज आला. पृथ्वी सूर्यापासून लांब जाणार, ऑगस्टपर्यंत थंडी वाजणार, अंग दुखणार, सर्दी-खोकला होणार. एका आजींनी नातवाला भर जुलैत स्वेटर घालून आणलं होतं, पोरगं घामानं भिजलेलं. मी बाहेरच्या फळ्यावर खडूनं दोन आकडे लिहिले. जुलैच्या सुरुवातीला सूर्यापासूनचं अंतर १५ कोटी २० लाख किलोमीटर, जानेवारीच्या सुरुवातीला १४ कोटी ७० लाख. फरक शंभरात तीनचा. आणि सूर्य जवळ असतो त्या जानेवारीतच आपण शाल पांघरून बसतो. ऋतू होतात ते पृथ्वी साडेतेवीस अंशांनी कललेली आहे म्हणून. आजींनी फळा दोनदा वाचला आणि तिथंच स्वेटर काढला. मला फार बरं वाटलं.

मग आपले अंतराळवीर शुभांशू शुक्ला अवकाश स्थानकावरून १५ तारखेला परत आले. त्यांनी वर मूग आणि मेथीला मोड आणले, हे ऐकल्यावर बायकांचे प्रश्न थांबेनात. फडकं कुठलं बांधलं? पाणी कसं शिंपडलं, ते तर तरंगत असणार! प्रयोग धारवाडच्या कृषी विद्यापीठातल्या आणि आयआयटीतल्या शास्त्रज्ञांचा होता, म्हणजे आपल्या शेजारचाच. मूळ खाली जातं ते वजनाच्या ओढीनं, मग जिथं खाली-वर असं काही नाहीच तिथं मुळानं जायचं कुठं? काकू रोज मूग भिजत घालतात. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मोड काढतेय, पण हा प्रश्न मला कधी पडला नाही." मलाही पडला नव्हता. हा प्रश्न ज्यांना पडला त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

निसारचं मात्र निराळं आहे. तो थेट आमच्या दारात येतो.

त्यात दोन रडार आहेत, नासाचं एल-बँडचं म्हणजे लांब लाटेचं आणि इस्रोचं एस-बँडचं म्हणजे त्याहून आखूड लाटेचं. कॅमेऱ्याला उजेड लागतो आणि ढग आला की त्याचं काम थांबतं. रडार स्वतःच लाट सोडतं आणि परत आलेली टिपतं, त्यामुळं रात्र असो की ढग, त्याचं काही अडत नाही. शांत पाण्यावर पडलेली लाट आरशावर पडलेल्या उजेडासारखी तिरपी पुढं निघून जाते, माघारी येत नाही. म्हणून चित्रात पाणी काळं दिसतं आणि जमीन उजळ. एल-बँडची लाट लांब, साधारण २४ सेंटिमीटरची, ती झाडाच्या पाल्यातूनही खाली उतरते. ओंकारनं हे सांगितलं तेव्हा मी भिंतीकडं बघत होते.

आमच्या गिरणीच्या भिंतीवर साडेसहा फुटांवर एक तपकिरी रेघ आहे. २०१९ च्या पुराची. चुना दोनदा मारला, तरी पावसाळ्यात ओल धरली की ती परत उमटते. त्या वर्षी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ धोक्याची, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं. ६ ऑगस्टच्या रात्री यांनी आणि दिरांनी दहा एचपीची मोटर सोडवून माडीवर चढवायची ठरवली. पाने आणले, दोन बोल्ट सैल केले. तेवढ्यात फोनवर मेसेज आला, धरणाचे दरवाजे बंद केलेत, पहाटेपर्यंत पाणी उतरणार, घाबरू नका. खाली अधिकाऱ्याचं नावबिव सगळं. सासूबाई म्हणाल्या, आता रात्रीचं कशाला, सकाळी बघू. सकाळी मोटर पाण्याखाली होती. तो मेसेज कुठल्या तरी जुन्या पुरातला होता, कुणीतरी तारीख खोडून पुढं ढकललेला. नंतर पाणी ओसरल्यावर चिखल उपसला तेव्हा पुलीत गाळ दगडासारखा घट्ट बसला होता. दारामागं लोकांच्या गव्हाला बोटभर मोड आले होते आणि ते सगळं कुजत होतं. तो वास मला अजून येतो.

तेव्हापासून माझा एक नेम आहे. पावसाळ्यात रोज सकाळी पुलावर जाऊन पट्टीवरचा आकडा कुणीतरी डोळ्यांनी बघून यायचं आणि मी तो फळ्यावर लिहायचा. शेजारी कोयना धरणातून किती क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं तेही. आता सगळ्या गल्लीला हिशेब येतो : ११,५७४ क्युसेक सलग चोवीस तास सुटलं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. कोयना १०५ टीएमसीची. बापू हे गणित बोटांवर करतात. गेल्या आठवड्यात एका पोरानं फोनमधल्या एआयला विचारलं, आज पुलाला पाणी किती? त्यानं फूट आणि इंच दोन्ही सांगितले, अगदी ठामपणे. आम्ही पट्टी बघून आलो, तर आकडा कुठल्या कुठं! अक्का त्या फोनला म्हणाल्या, "बाळा, एकदा पुलावर येऊन जा की." मला एआयचा राग नाही, ओंकारचं गणित तो फार छान समजावतो. पण नदीचा आकडा नदीलाच विचारावा.

म्हणून निसारबद्दलही गल्लीला जे खरं आहे तेच सांगितलं. बारा दिवसांची फेरी म्हणजे हा काही पुराचा भोंगा नव्हे. कृष्णा एका रात्रीत चढते. शिवाय त्याची १२ मीटरची जाळीची छत्री अजून उघडायचीय, तपासण्यांना तीनेक महिने जातील. या पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही. ढगातून बघणारे उपग्रह याआधीही होते, आपला रिसॅट-१ २०१२ चा. पण इथं दोन्ही लाटा एकत्र आहेत, जवळपास सगळी जमीन बारा दिवसांत दोनदा बघितली जाणार आहे आणि माहिती सगळ्यांना फुकट मिळणार आहे.

मला हवंय ते हेच. पूर ओसरला की आमच्याकडं वर्षभर वाद चालतात. पंचनाम्यात कुणाच्या घरात पाणी होतं, कुणाच्या उसात किती दिवस थांबलं, निळी रेषा कुठून जाते, लाल कुठून. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतल्या पुराची लाल. आणि त्या रेषांच्या आत दरवर्षी नवे प्लॉट पडतात, जोती उठतात, गावाकडून आलेली साधी माणसं आयुष्यभराची पुंजी तिथं ओततात. त्यांना कुणी नकाशा दाखवत नाही. पाणी कुठवर आलं होतं त्याचं काळं-उजळ चित्र छापून, मराठीत नावं घालून चौकाचौकात लावावं, असं मला फार वाटतं. प्लॉट घेणाऱ्यानं आधी त्यावर बोट ठेवून बघावं.

अक्कांचं माहेर पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. आजीनं दंडाला धरून ओढत अंगणात आणलं, एवढंच आठवतं म्हणतात. एकाच जागेच्या दोन फेऱ्यांतल्या लाटा ताडून बघितल्या की जमीन सेंटिमीटरभर सरकली तरी निसारला कळणार, हे ऐकल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग ओंकारला म्हणाल्या, "आमच्या गावावरनं जाईल तेव्हा मला सांग."

दळण संपायला आज पावणेनऊ झाले. जेवणं आटोपल्यावर ओंकारनं फळा पुसला, वर निसारचं चित्र काढलं, खाली उद्याची तारीख घातली आणि 'आयर्विन पूल' लिहून पुढं जागा मोकळी ठेवली. सकाळी सहाला बापू जाणार आहेत. मोटरचे पाने मी उशाशीच ठेवलेत.