बाग पाठीशी, माणसं ओसरीत

मार्गशीर्ष, दुपार. पुण्यातल्या कोरेगाव पार्कातला जुना दगडी बंगला. पुढं हिरवळ, कडेनं पर्जन्यवृक्ष आणि एक जुनी चिंच. लग्नाचा मुहूर्त १२ वाजून २७ मिनिटांचा, म्हणून फोटोंसाठी जागेची पाहणीही त्याच वेळेला. संध्याकाळी जाऊन ‘काय सुंदर उजेड आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. अंतरपाट धरतील तेव्हा तो उजेड नसणार.

बागेतल्या लग्नाचं सगळं दुखणं हिरव्या रंगात आहे. डोळ्याला झाडाखाली गार, प्रसन्न वाटतं. डोळा रंग आपोआप सावरून घेतो. कॅमेरा घेत नाही. तिथे चेहऱ्यावर पडणारा उजेड पानांतून गाळून आणि हिरवळीवरून उसळून आलेला असतो. हनुवटीखाली, गळ्याशी हिरवट झाक येते आणि हळद लागलेली नवरी कावीळ झाल्यासारखी दिसते. म्हणून डेकोरेटर काहीही म्हणो, बाग चित्रात मागे हवी आणि माणसं वास्तूच्या उजेडात. चुना दिलेली भिंत, ओसरी, पोर्चची कमान: या जागा रंग बिघडवत नाहीत.

कोणती ओसरी, हे दिशेवर ठरतं. पुण्यात डिसेंबरात भर दुपारीही सूर्य जेमतेम ४८ अंश चढतो, तोही दक्षिणेला कललेला. त्यामुळे दक्षिणेच्या ओसरीत ऊन आत खोलवर शिरतं, खांबांच्या सावल्या चेहऱ्यांवर आडव्या पडतात. उत्तरेकडची ओसरी दिवसभर एकसारखी. मेच्या मध्याला, शून्य सावली दिवसाच्या आसपास, सूर्य थेट डोक्यावर असतो आणि तेव्हा दक्षिणेची ओसरीही चालते. गौरीहरपूजन उत्तरेच्या ओसरीत, भिंतीपासून हातभर पुढे. हळदही तिथेच, हिरवळीवर नाही. पिवळ्या कपड्यांतली माणसं एकमेकांवर पिवळा उजेड टाकतातच. त्यात हिरवा मिसळला की संगणकावर सोडवता येत नाही.

मांडव मात्र हिरवळीवरच हवा, हे घरच्यांचं ठरलेलं असतं. ठीक. मग मांडववाल्याशी आधी बोलायचं: छताचं कापड पांढरं किंवा मोतिया, गुलाबी-जांभळं अजिबात नको. छताच्या कापडाचा रंग कपाळावर आणि नाकावर उतरतो. पाटांसमोर निदान दहा बाय दहा फुटांची पांढरी जाजम, म्हणजे खालून उसळणारा उजेड हिरवा राहत नाही. ही जाजम महागड्या रिफ्लेक्टरपेक्षा जास्त काम करते. झाडाखाली उघड्यावर पाट मांडायचा हट्ट असेल तर कवडशांचा विचार करा. पानांतून आलेला कवडसा सावलीपेक्षा तीन ते चार स्टॉप उजळ असतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). शालूवर ठीक, पण गालावर पडला तर तेवढा भाग पांढराफटक होतो आणि मागून परत आणता येत नाही. वर दोन मीटरचं मलमल ताणलं की प्रश्न मिटतो.

माळ्याशी बोलणं हे कामाचाच भाग. लग्नाच्या दोन दिवस आधीपासून हिरवळीला पाणी बंद. नाहीतर नऊवारीचे काठ चिखलात आणि लाइटचे स्टँड एका बाजूला रुतलेले. स्टँडखाली फळी आणि पायावर वाळूची पिशवी हवीच. ९० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे फ्लॅशचा उजेड मऊ करणारा कापडी डबा, वाऱ्याच्या एका झुळकीत आडवा होतो आणि आडवा होताना कोणाच्या तरी आजीच्या खुर्चीवरच पडतो.

उन्हातलं गणित असं. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, शटर १/२५० सेकंद धरलं तर भर उन्हात एफ १०च्या आसपास ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) लागतं. बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅश १/२०० किंवा १/२५०च्या पुढे साध्या पद्धतीनं जुळत नाही. एफ १०ला छिद्र लहान, त्यामुळे मागची कनात, केटररचे डबे, सगळं स्पष्ट. दोन वाटा आहेत. हाय-स्पीड सिंक, म्हणजे त्याहून वेगवान शटरला फ्लॅश जुळवणं, ज्यात फ्लॅशची ताकद बरीच वाया जाते. किंवा तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवरची उजेड कमी करणारी काच, ज्यानं एफ ३.५पर्यंत येता येतं. एनडी फिल्टर बरा. बॅटरी टिकते, आणि फ्लॅशचा स्वच्छ उजेड हिरव्यावर मात करतो.

आता अंतरपाट. सगळ्या दिवसात परत न मिळणारे क्षण इथलेच. शेवटचं मंगलाष्टक, ‘शुभमंगल सावधान’, अंतरपाट सरकतो आणि काही सेकंदांत हार. अंतरपाट कोणत्या बाजूला सरकवणार, हे गुरुजींना आधी विचारलं की ते सांगतात. न विचारणाऱ्याच्या लेन्ससमोर नेमका मामाचा कोपर येतो. एकानं अंतरपाटाच्या रेषेत, वधूवरांच्या डोळ्यांच्या उंचीवर, ३५ मिलिमीटरच्या लेन्सनं. दुसऱ्यानं पोर्चच्या वरच्या पायरीवर ७०–२०० मिलिमीटरची झूम लेन्स घेऊन. पायरीवरून पाहुण्यांचे वर धरलेले मोबाइल टळतात.

अक्षता प्रत्येक ‘सावधान’ला पडतात, त्यामुळे पहिल्या अष्टकांवर तालीम करता येते. दाणे दिसायला मागे गडद हवं. इथे काळ्या दगडाची भिंत किंवा चिंचेचा बुंधा. उजेड मागून तिरका दिला की प्रत्येक तांदूळ सुटा चमकतो, समोरून दिला की धुरकट ठिपके. शटर १/५००, किंवा फ्लॅश असेल तर १/२५० पुरे, कारण फ्लॅशचा झोतच क्षणिक असतो. ऑटोफोकस मध्ये आलेल्या दाण्यांवर उडी मारतो. म्हणून अंतर आधी बांधून फोकस लॉक. आणि त्या वेळेत लेन्स बदलायची नाही. कुंकू लावलेल्या तांदळाची लाल पूड सेन्सरवर बसली तर पुढच्या प्रत्येक फोटोत डाग.

होमाला धूर. बुटक्या छताच्या मांडवात तो साचतो आणि समोरचा फ्लॅश त्या धुरालाच उजळवतो. समोरचा बंद, बाजूचा चालू, स्वतः वारा येतो त्या अंगाला. लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी एकापाठोपाठ येतात. कानपिळीला सगळे नवरदेवाकडे बघतात. बघावं ते नवरीच्या भावाकडे.

फुलं सकाळी आठच्या आत टिपायची. गुलछडी दुपारपर्यंत मान टाकते. मार्केट यार्डातून पहाटे आलेला झेंडू टिकतो, पण तो वेगळा त्रास देतो: भगव्या झेंडूत लाल चॅनल (कॅमेऱ्यातली लाल रंगाची नोंद) आधी भरून वाहतो, पाकळ्यांचा तपशील जातो आणि नुसता भगवा गोळा उरतो. एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप कमी ठेवायचं आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, लाल रंगाचा स्वतंत्र बघायचा.

घरच्यांचे गटफोटो पोर्चच्या काळ्या पायऱ्यांवर, सावलीच्या रेषेपासून मीटरभर आत, एफ ८. दोन्हीकडची यादी लेखी हवी आणि नावानं हाक मारणारं घरचं एक माणूस. यादीतून आत्या राहिली तर ती पंधरा वर्षं ऐकवते, फोटोग्राफरला नव्हे तर नवरीच्या आईला.

ड्रोनची मागणी येतेच. लोहगावचा तळ हवाई दलाचा आहे आणि कॅन्टोन्मेंट बाजूलाच. सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन-नकाशावर जागेचा रंग बघितल्याशिवाय हो म्हणायचं नाही. लाल दिसला की विषय संपला. ‘आगाखान पॅलेससारख्या कमानी हव्यात, तिकडेच थोडे काढू’ ही दुसरी मागणी. १८९२ची ती वास्तू संरक्षित स्मारक आहे, तिथे परवानगीचा कागद आधी, कॅमेरा नंतर.

जुन्या बंगल्याची स्वतःचीही पथ्यं आहेत. चुन्याच्या भिंतीला चिकटपट्टी लावायची नाही, पापुद्रा निघतो. लाकडी जिन्यावर आणि माडीवर ट्रायपॉड हलतो, कोणी चाललं की लांब एक्स्पोजर वाया. जुन्या वायरिंगवर स्ट्रोब (मोठे फ्लॅश) लावायचे नाहीत, सगळं बॅटरीवर.

संध्याकाळ. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि निळा उजेड जेमतेम वीस मिनिटं राहतो. नेमकी त्याच वेळी नवरी रिसेप्शनच्या मेकअपला बसलेली असते. म्हणून मेकअपवालीशी उलट हिशेब: सहाला तयार, तर बसायचं साडेचारला. ती हो म्हणेल, तरी साडेपाचला एकदा दार वाजवायचं. तोपर्यंत देखरेख करणाऱ्याकडून किल्ल्या घेऊन वरच्या सगळ्या खोल्यांतले पिवळे दिवे लावून ठेवायचे. खिडक्या आतून उजळल्या की दगडी दर्शनी भाग जिवंत होतो. डेकोरेटरचे जांभळे फोकस मात्र बंद करायला लावायचे. काळ्या पाषाणावर जांभळा उजेड म्हणजे त्या दगडाचा अपमान. एलईडी माळा ५० हर्ट्झच्या विजेवर लुकलुकतात, फोटोत आडवे पट्टे येतात. शटर १/५० किंवा १/१००. फ्लॅशला नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावला नाही तर नवरी निळसर आणि बाग पिवळी.

रात्री, दोन्ही कार्डांवरचं दोन ठिकाणी उतरवून झाल्यावर, रंगाचं काम. इथे घाईत सगळ्या फोटोचा हिरवा कमी करायचा मोह होतो, आणि तसं केलं की चुडा राखाडी होतो. हिरवळीचा हिरवा पिवळ्याकडे झुकतो, काचेच्या बांगड्यांचा निळ्याकडे. तरी स्लायडर दोन्हींना ओढतो. त्यामुळे चेहरा, गळा आणि हात यांच्यापुरताच मास्क (बदलासाठी निवडलेला भाग), टिंट (हिरव्या-मॅजेंटाचा तोल) किंचित मॅजेंटाकडे, आणि मनगटापाशी मास्क हातानं खोडून चुडा बाहेर ठेवायचा. मुंडावळ्यांचे मोती तपासायला चांगले: ते पांढरे दिसले की कातडीचा रंगही जागेवर आलेला असतो.